रात्री अकराची ‘ठक्’

“अगं अनघा, काल रात्री अकरा वाजता तुमच्याकडे भिंतीत खिळे कोण ठोकत होतं?”

शुभाताई कुंपणापाशी कारल्याच्या वेलाआड उभ्या होत्या. वेल त्यांचा, पण कारली आमच्या बाजूला जास्त लागतात. त्यामुळे नेपरव्हिलमधला आमचा प्रत्येक सप्टेंबर कारल्यावरून सुरू होतो आणि कुठेही जाऊन पोचतो.

“खिळे नाहीत हो, बक्षीस लागलं होतं.”

“बक्षीस? मला तर कुणी पाटावर हातोडा मारल्यासारखं वाटलं.”

“तसंच असतं ते. पेटीच्या आत एक लोखंडी दांडा असतो, तो लाकडावर आपटतो. फुकटचा डाव मिळाला की ठक्! पूर्वी ही मशिनं बारमध्ये नाहीतर पानाच्या टपरीसारख्या कोपऱ्यावरच्या दुकानात असायची. त्या गोंगाटातसुद्धा सगळ्यांना कळलं पाहिजे ना, की अमक्याने मारलं म्हणून.”

“म्हणजे नितीनने ती गॅरेजमधली पेटी चालू केली शेवटी!”

“नितीनने? देवाचं नाव घ्या. बाबांनी.”

शुभाताईंनी हातातली कात्री कुंपणाच्या खांबावर ठेवली. त्यांनी कात्री ठेवली म्हणजे निदान अर्धा तास.

“सुरुवातीपासून सांग. मला एवढंच माहीत आहे की फेब्रुवारीत तुमची गाडी बाहेर बर्फात आली आणि आत ते धूड गेलं.”

“सहाशे डॉलर मोजले हो त्या धुडाचे! एका आजोबांच्या तळघरात वीस वर्षं पडून होतं. अडीचशे पौंड वजन. चार पाय काढले, वरचं डोकं सोडवलं, तरी तळघराच्या जिन्यातून वर काढायला चार पुरुष लागले. भावोजींची कंबर त्यातच धरली ना तेव्हा.”

“कुणाची कंबर?”

मी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

“मला म्हणाले, बर्फ ओढताना धरली,” शुभाताई म्हणाल्या. “दोन आठवडे मी शेकत होते. असू दे, बघते संध्याकाळी. तू पुढे सांग.”

पुढे सांगण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. भावोजींवरून विषय हलवायचा म्हणून मी थेट मशीनवर आले.

“रॉयल फ्लश नाव त्याचं. पत्त्यांचा खेळ रंगवलाय त्यावर. गॉटलीब कंपनीचं, 1976 सालचं. चौघांनी आळीपाळीने खेळायचं. आत एकही चिप नाही. नुसते रिले, चाकं, वायरी आणि एक मोटर. आणि गंमत म्हणजे हे सगळं आपल्या शिकागोचंच. गॉटलीब इथली, बॅली इथली, विल्यम्स इथली. अजूनही बरीचशी नवी पिनबॉल बनतात ती इथेच, विमानतळाजवळच्या एल्क ग्रोव्ह व्हिलेजमध्ये. आपण पंचवीस वर्षं त्या बाजूने विमानतळावर जातोय आणि पत्ता नाही.”

“पिनबॉल म्हणजे ते दोन्ही बाजूंची बटणं दाबायची आणि गोळी वर उडवायची, तेच ना?”

“तेच. ते उडवणारे दोन पंखे म्हणजे फ्लिपर. पण ते फार उशिरा आले, 1947 साली. त्याआधी गोळी सोडली की बघत बसायचं, खिळ्यांतून ठेचकाळत कुठे पडते ते.”

“म्हणजे आमचं बॅगाटेल की गं!” शुभाताई उजळल्या. “सांगलीला मामाकडे होतं. लाकडी फळी, वर गोल, खिळ्यांची कुंपणं, आणि ते छर्रे. स्प्रिंगचा दांडा ओढायचा आणि सोडायचा. मामेभाऊ फळीखाली पुस्तक सरकवायचा, उतार कमी व्हावा म्हणून. मे महिनाभर भांडणं.”

“अहो, पिनबॉलची पणजी आहे ती! त्या स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट 1871चं आहे. सिनसिनाटीला माँटेग्यू रेडग्रेव्ह म्हणून एक गृहस्थ होते, त्यांचं. मग 1931 साली इथे डेव्हिड गॉटलीबने बॅफल बॉल काढलं. साडेसतरा डॉलरची ठोकळ्याएवढी पेटी, दुकानाच्या गल्ल्याशेजारी मांडायची. मंदीचे दिवस होते. एक सेंट टाकला की पाच-सात गोळ्या. ज्याच्याकडे काम नाही त्याची तेवढीच करमणूक. आणि तुमच्या मामेभावाची पुस्तकाची युक्ती आहे ना, त्यावर इथे इलाज काढून ठेवलाय. पेटी फार हलवली किंवा उचलली की डाव बाद. आत चक्क ओळंबा टांगलेला असतो, गवंड्याचा असतो तसा. तो हलून भोवतीच्या कड्याला टेकला की दिवा लागतो आणि फ्लिपर मरतात.”

“मामाच्या फळीला ओळंबा हवा होता,” शुभाताई म्हणाल्या. “पण हा खेळ बेकायदेशीर होता म्हणे? आमच्या जिममधली एक बाई सांगत होती, तिच्या वडिलांना यावरून मार बसला होता.”

“होताच. न्यूयॉर्कने 1942 साली बंदी घातली. तिथला महापौर ला गार्डिया स्वतः हातात घण घेऊन मशिनं फोडायचा आणि फोटो काढून घ्यायचा. गोळी कुठे जाईल ते नशिबावर, आणि वर फुकटचा डाव जिंकायचा, म्हणजे हा जुगारच, असं म्हणणं. शिकागोतसुद्धा वर्षानुवर्षं बंदी होती. बनवायची इथे, खेळायची दुसरीकडे.”

“आपल्याकडे नाही का, गावात दारूबंदी आणि वेशीबाहेर गुत्ता.”

“अगदी. मग 1976 साली रॉजर शार्प नावाच्या एका तरुण लेखकाला न्यूयॉर्कच्या समितीपुढे उभं केलं आणि म्हणाले, दाखव खेळून. एका नगरसेवकाला संशय की मशीनमध्ये काहीतरी केलंय, म्हणून बाजूला ठेवलेलं दुसरंच मशीन घ्यायला लावलं. शार्प खेळला. शेवटी म्हणाला, आता दांडा ओढतो, गोळी मधल्या फटीतून जाईल. आणि गेली. उठली बंदी. हे आमचं मशीन नेमकं त्याच सालचं. नितीन आल्या-गेल्या प्रत्येकाला ही गोष्ट ऐकवतो. पोहे गार होतात.”

“गोष्ट ऐकवता येते, मशीन चालवता येत नव्हतं.”

“ताई, तेच तर! त्याला वाटलं होतं, आपण सॉफ्टवेअरवाले, दोन शनिवारांत उडवून देऊ. प्लग लावला, दिवे लागले, मुलं नाचली. सुरू करायचं बटण दाबलं की आतली मोटर घरघर करायला लागायची ती थांबायचीच नाही. गिरणीत उभं राहिल्यासारखं. लॅपटॉप उघडून तीन महिने शोधत होता. आणि या सगळ्यात मी एक घोळ करून ठेवला.”

“तू काय केलंस?”

“काच पुसली.”

“मग?”

“वरच्या डोक्याची ती रंगीत काच असते ना, तिचा रंग मागच्या बाजूने छापलेला असतो. पन्नास वर्षं दिव्यांची धग खाऊन तो पापुद्र्यासारखा सुटलेला. मी बाई आपली पुढून पुसली आणि म्हटलं मागूनही पुसू. फडकं उचललं तर कोपऱ्यातला लाल रंग फडक्यावर! रुपयाएवढं भोक. त्यातून दिवा आता थेट डोळ्यांत येतो. नितीन आठ दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. त्या मागच्या बाजूला कोरडा कापूससुद्धा लावायचा नसतो, आधी पारदर्शक लाखेचा हात फवारून रंग जागेवर धरायचा असतो, हे मला नंतर समजलं. पाय चमकवायला पितांबरी लावू का, एवढं विचारायचीसुद्धा मला चोरी झाली.”

शुभाताई खुदकन हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आणि बाबा? ते तर एप्रिलमध्ये आले तेव्हा अगदी उतरलेले दिसत होते.”

“उतरलेलेच होते. आई गेल्यावर पहिल्यांदाच एकटे आले. सकाळी उठायचे, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे, एक माणूस दिसायचा नाही. डोंबिवलीत खिडकी उघडली की चार जण विचारतात, काय आजोबा, चहा झाला का? इथे खिडकी उघडली की ससा. मी कामावर, नितीन वरच्या खोलीत मीटिंगमध्ये. ते कालचा पेपर टॅबलेटवर वाचत बसायचे, आणि वाचून झाला की परवाचा.”

“मग?”

“मेमधला शनिवार. नितीनने पुन्हा बटण दाबलं, घरघर सुरू. बाबा स्वयंपाकघरात चहा घेत होते. कप हातात तसाच धरून गॅरेजच्या दारात आले आणि म्हणाले, ‘थांब. बंद करू नकोस.’ डोळे मिटले. मीही ऐकायला लागले. मोटरच्या घरघरीत एक बारीक टक, टक, टक होती. मला ती तोवर कधी ऐकूच आली नव्हती. बाबा म्हणाले, ‘एक चाक अडलंय. कॉइल ओढतेय, चाक सरकत नाही. ते शून्यावर येईपर्यंत ही मोटर थांबायची नाही.’ मग कान लावून वरच्या डोक्यापाशी गेले आणि बोट ठेवलं. तिसऱ्या खेळाडूचं दहाचं चाक.”

“नुसतं ऐकून?”

“नुसतं ऐकून! त्याचं असं आहे ताई. नवीन डाव सुरू केला की आधी चौघांच्या गुणांची सगळी चाकं शून्यावर यावी लागतात. मोटर एकेक ठोका देते, एकेक चाक एकेक घर पुढे सरकतं, आणि शून्य आलं की त्या चाकावरची छोटी पत्ती उघडते, त्याचा ठोका बंद. सगळ्यांनी ‘पोचलो’ म्हटल्यावरच मोटर थांबते. आमचं एक चाक वाटेतच बसलेलं. वर्गाची सहल निघाली आणि एक पोरगं बाथरूममध्ये, तसं.”

“पण बाबांना हे कसं गं माहीत? ते तर टेलिफोन खात्यात होते ना?”

“म्हणूनच! मुंबईच्या एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं. तेव्हा सगळं स्ट्रोजर. मजलाभर रिले आणि पायरी-पायरीने चढणारे स्विच. तुम्ही डायलवर पाच फिरवलात की पाच ठोके जायचे आणि तिकडे स्विचचा दांडा पाच घरं वर चढायचा. आणि इथे पाचशे गुण मिळाले की मोटर शंभरच्या चाकाला पाच ठोके देते. एकच जात. बाबा सांगतात, सकाळी बाजार उघडले की एक्स्चेंजमध्ये पत्र्यावर पावसाची सर आल्यासारखा आवाज व्हायचा. रात्रपाळीला मात्र सर ओसरलेली, एखादाच कॉल. तेव्हा रॅकमधून फिरताना नुसत्या कानाने कळायचं, कुठला स्विच कुठल्या घरात अडकलाय. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली. ते रॅक भंगारात गेले आणि बाबा टेबलावर. कान रिकामे झाले, असं म्हणतात ते.”

शुभाताई काही बोलल्या नाहीत. कारल्याचं एक पिवळं पान खुडत राहिल्या.

“दुरुस्त कसं केलं मग?”

“आधी प्लग काढायला लावला. नितीन म्हणाला, बाबा, आत फक्त चोवीस व्होल्ट आहेत. बाबा म्हणाले, ‘आणि ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे किती? एकशेवीस.’ मग चाक सोडवलं. जुनं वंगण डिंकासारखं घट्ट झालेलं. नितीन तेलाचा डबा घेऊन आला तर त्याच्यावर असे डोळे वटारले! तेलावर धूळ बसते, धुळीचा चिखल होतो, चिखलाने चाक बसतं. स्पिरिटमध्ये बुडवून कान कोरायच्या काडीने दात अन् दात पुसला, आणि कोरडंच बसवलं. मग कॉन्टॅक्ट. दोन पातळ पत्त्या, टोकाला चांदीचा ठिपका. पॉलिश पेपर लावायचा नाही, चांदी खरवडली जाते. तर म्हणाले, ‘जाडसर गुळगुळीत कागद आण.’ तुमच्या श्वेताची लग्नपत्रिका दिली मी.”

“अगं!”

“दुसरी प्रत ठेवलीय हो. पत्रिकेची बोटभर पट्टी कापली, पत्त्यांच्या मध्ये सरकवली, वरून हलकेच दाबलं आणि ओढली. काजळाची रेघ उठली पट्टीवर. पुन्हा ओढली, फिकी. तिसऱ्यांदा, स्वच्छ. ‘आता लाव प्लग.’ नितीनने बटण दाबलं. मोटर फिरली, सगळी चाकं टकटकटक करत शून्यावर आली, आणि शांत. त्या गॅरेजात तीन महिन्यांनी शांतता झाली. मग खटकन गोळी येऊन दांड्यापुढे उभी.”

“बाई! अंगावर काटा आला.”

“नितीनने बापाला मिठी मारली. कॉलेजला गेल्यापासून मारली नसेल. त्या दिवसापासून घरात दोन पाळ्या लागल्या. विजेचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला. तो एवढा मोठा की आम्ही महिनाभर ओट्यावर जेवलो. बाबा भिंग घेऊन त्यावर. एक रिले म्हणजे एक आठवण, असं ते मुलांना शिकवायचे. कितवी गोळी चाललीय ते एकाला लक्षात, खेळाडू कोण ते दुसऱ्याला. मशीनला काय आठवतंय ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. माझा धाकटा शाळेत सांगून आला, आमचे आजोबा कॉम्प्युटर उघडून त्याच्या आतला विचार दाखवतात.”

“आणि बाकीचं? रंगरंगोटी?”

“ते खातं नितीनचं. रबराच्या कड्या काळ्या पडून भेगाळल्या होत्या, त्या सगळ्या बदलल्या. गोळी बदलली. ऐंशी ग्रॅमची असते, पण जुनीला गंज चढला की ती पॉलिश पेपरसारखी रंग खात फिरते. फळी पाण्याने पुसायची नाही, लाकूड फुगतं. पुसून झाल्यावर वर कार्नोबाचं मेण. दिवे सगळे काढून 47 नंबरचे लावले. पूर्वीचे 44 नंबरचे अडीचशे मिलिअँपिअर ओढतात, हे दीडशे. धग कमी, म्हणजे माझ्या हातून वाचलेला रंग तरी टिकेल. फ्लिपरच्या कॉइलमधल्या नळ्या बदलल्यावर पंखे असे फटकन उठायला लागले की पहिली गोळी काचेवर आपटली. शेवटी पायांचे स्क्रू फिरवून उतार. जुन्या मशिनांना साडेतीन अंश पुरतो. तिथे तुमच्या मामेभावाचं पुस्तक आलंच.”

“म्हणजे उन्हाळा यातच गेला? बाबांना कुठे फिरवलं की नाही?”

“नायगारा म्हटलं तर नको म्हणाले. ‘ला पोर्टला न्या.’ मी म्हटलं, ते कुठे आलं? इथून दोन तासांवर, इंडियानात. स्ट्रोजर पद्धतीचं पहिलं एक्स्चेंज 1892 साली तिथे सुरू झालं. तो आल्मन स्ट्रोजर मूळचा अंत्यविधीची कामं करणारा. टेलिफोनवरची बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याला जोडून देते असा त्याला वहीम, म्हणून त्याने बाईच नको असं यंत्र काढलं, अशी गोष्ट सांगतात. आम्ही गेलो. साधं गाव. बाबा मुख्य रस्त्यावर उभे राहिले आणि म्हणाले, माझा एक फोटो काढा. मागे काय, तर पार्किंगचा खांब. डोंबिवलीच्या ग्रुपवर टाकला. खात्यातल्या जुन्या मित्रांनी एवढे हात जोडलेत त्या खांबाला!”

शुभाताई पदराने, म्हणजे स्कार्फच्या टोकाने, डोळे पुसत हसल्या. मग कात्री उचलली. मला वाटलं, निघाल्या. पण त्या तशाच उभ्या.

“पुढच्या मंगळवारी विमान ना त्यांचं?”

“हो.”

“सहा महिने संपले. आता करमेल का त्यांना तिकडे?”

मी गॅरेजकडे बघितलं. दार बंद होतं. तरी आवाज खाली आणला.

“ताई, एक सांगते, पण कुंपणाच्या पलीकडे जाऊ द्यायचं नाही.”

“मी कधी सांगितलंय कुणाला?”

त्यावर मी काही बोलले नाही.

“ऑगस्टमध्ये सगळं काम संपलं. मशीन ठणठणीत. आणि दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा कालचा पेपर घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी परवाचा. मला बघवेना. दुपारी ते झोपल्यावर मी गॅरेजमध्ये गेले, प्लग काढला, डोकं उघडलं आणि त्याच तिसऱ्या खेळाडूच्या चाकाची शून्याची पत्ती नखाने एवढीशी वाकवली.”

“अनघा!”

“संध्याकाळी बटण दाबलं तर चाक शून्यावर येतंय, पण पत्ती उघडत नाही, त्यामुळे थांबतच नाही. शून्य, एक, दोन, पुन्हा शून्य. नितीनने कपाळावर हात मारला. बाबा चष्मा शोधायला लागले. दोन दिवस गेले त्यात. मग आठवड्याने दुसरी पत्ती. मग तिसरी. गणपतीत पाहुणे होते तेव्हा नाही केलं.”

“आणि त्यांना कळलं नाही?”

“तेच तर. काल संध्याकाळी मी चहा घेऊन गेले, तेव्हा ते डोकं उघडून बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘पत्ती आपोआप वाकते ती मुळापासून वाकते. ही टोकाला वाकलीय. नखाने. आणि नखाला नेलपॉलिश होतं.’ तो चांदीचा ठिपका दाखवला. लाल कण. मी चहा तिथेच ठेवून पळणार, तर म्हणाले, ‘बस इथे.’ पक्कड हातात दिली. कितपत ओढायची, फट किती ठेवायची, डोळे मिटून आवाज कसा ऐकायचा, सगळं माझ्याकडून तीन-तीनदा करून घेतलं. ‘मंगळवारनंतर तुलाच करायचंय,’ म्हणाले. ‘नितीनला ऐकू येत नाही.’ जेवणं झाल्यावर पहिला डाव मला खेळायला लावला.”

“मग ती रात्री अकराची ठक्—”

“माझी होती,” मी म्हटलं. “भावोजींना सांगा, झोपमोड झाली असेल तर क्षमा करा.”

“त्यांची कसली झोपमोड,” शुभाताई म्हणाल्या आणि वेलावरची चार कारली कापून कुंपणावरून माझ्या हातात दिली. “आज त्यांना उठवायचं काम माझ्याकडे. बर्फ ओढताना म्हणे!”